सगुणाचे बोकड आणि श्वासवेस

सगुणा येडगेचे अकरा बोकड रानाच्या फाटकावरच्या श्वासवेशीखालून, म्हणजे श्वास तपासणाऱ्या कमानीखालून, एकामागून एक निघाले. प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवा दिवा लागला आणि यंत्रातली बाई प्रत्येकाला म्हणाली, "पुढे चला."

"घरच्या धन्यानं माझं एवढं ऐकलं असतं तर!" सगुणा म्हणाली. हे ती रोजच म्हणायची आणि वनरक्षक दौलत रोज नव्यानं हसायचा.

आज तो हसला नाही. अकरा हिरवे दिवे लागूनही त्यानं फाटक उघडलं नाही.

"काय रं दौलत, दातबित दुखतो का?"

"मावशी, वरनं हुकूम आलाय. आजपासून शेळ्या-बोकडांना रानात बंदी."

सगुणानं मागं पाहिलं. बोकडांच्या पाठीवर तिनं जुन्या गोधड्यांची लहान लहान खोगिरं शिवून बांधली होती. पहाटे त्यांवरून दूध खाली आलं होतं. आता तांदूळ, तेल आणि सासूचं मधुमेहाचं औषध वर जायचं होतं. धनगरवाडा डोंगराच्या माथ्यावर, एकोणीस घरांचा. रान राखीव, म्हणून रस्ता नाही. कड्याच्या अंगानं चढणारी पायवाट अशी, की घोडंही तिथं पाय टाकायला कचरतं. ती वाट फक्त खुरांना कळायची, बोकडांच्या खुरांना.

चौकीतून डॉक्टर हेमंत कुडाळकर बाहेर आले. वनखात्याचे पशुवैद्य, दोन रात्री झोपले नसावेत, असे डोळे.

"मावशी, कालपर्यंत सात पाडसं गेली. सगळी धापेनं."

चौशिंग्याची पाडसं. हरणाहून लाजरा, डोक्यावर चार शिंगांचा तो जीव त्या रानात जेमतेम चाळीस उरला होता. धाप म्हणजे फुप्फुसं कुजवणारा रोग. शेळ्यांमध्ये तो जुनाच; करडं चार दिवस खोकतात आणि बरी होतात. चौशिंग्याला मात्र तो सोसत नाही.

"पर तुमची बाई तर माझ्या बोकडांना रोज हिरवा देते!"

"देते. कमानीतले पंखे जनावराचा उच्छ्वास ओढून घेतात, त्यातले बारीक थेंब टिपतात, थेंबातल्या जंतूंची जनुकं वाचतात. पण एखादा जंतू लपून राहत असेल. शेवटी रोग कुठून तरी आलाच ना? रानात दुसरं जातंच कोण?"

सगुणानं कमरेवर हात ठेवला. "कोन जातं? मी जाते. तुमी जाता. आमी काय हवेत तरंगत जातो?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत ती वाकून कमानीखाली शिरली. पंखे घुमले. तिच्या कपाळावरचं गोंदण लाल उजेडात न्हालं.

"थांबा," यंत्रातली बाई म्हणाली. "धापेचा जंतू आढळला."

दौलतच्या तोंडून नको तेव्हा हसू फुटलं. "मावशी, तुम्ही बोकडांत जमा!"

"आता तू ये. दात काढतोस तर नाक बी दाखव."

दौलत गेला. हिरवा. मग सगुणानं डॉक्टरांकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत.

"या की डाक्टर. तुमचंच यंत्र हाय."

डॉक्टर कमानीखाली उभे राहिले. लाल दिवा लागला आणि तो विझेपर्यंत बाई बोलत राहिली, "थांबा. धापेचा जंतू आढळला. जनुकांची ओळ मृत पाडसांतील जंतूशी तंतोतंत जुळते."

डॉक्टरांनी तोंडावर हात ठेवला, जणू आतलं काही बाहेर पडू नये.

"हिवाळ्यात," ते हळू म्हणाले. "तुमच्या अंगणात."

सगुणाला आठवलं. नुकतं जन्मलेलं करडू श्वास घेत नव्हतं. तिनं त्याच्या नाकातला चिकटा आपल्या तोंडानं ओढून थुंकला आणि नाकपुडीत फुंकर घातली. तिच्या आईनं हेच केलं होतं, आईच्या आईनंही. दुसऱ्या करडाच्या वेळी तिनं डॉक्टरांना पुढं केलं होतं: "तुमी फुंका. लाजू नका, पोरगं हाय समजा." करडू शिंकलं तेव्हा हा शिकलेला माणूस लहान मुलासारखा नाचला होता.

"मग मी पाडसघरातल्या चौशिंग्याच्या तीन अनाथ पिलांना तसाच श्वास दिला," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्यापुरती जगली ती. मीच नेऊन रानात इतर चौशिंग्यांजवळ सोडली. मोठ्या बोकडाच्या अंगात हा जंतू टिकत नसणार. आपल्या घशात गुपचूप बसत असणार. माणसाला या कमानीखाली कुणी उभंच केलं नाही."

एका बोकडानं दौलतच्या खिशातला कागद ओढून चघळायला घेतला, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"मीच शिकवलं तुमाला," सगुणा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"मावशी, ऐका. हे वाचन मी पुसू शकतो. कळवलं, तर आधी मला रानाबाहेर काढतील आणि मग तुमचा सगळा वाडा उठवतील. एकोणीस घरं. पुसलं, तर नुसते बोकड जातील."

सगुणाचं तोंड तापल्या तव्यासारखं झालं.

"म्हंजी रोग तुमच्या-माझ्या नरड्यात आन् बट्टा माझ्या बोकडांवर? पुसू नका. आमाला उठवायचं असंल तर आमच्या नावानं उठवा. मुक्या जनावराच्या नावानं न्हाई! आमी पाच पिढ्या त्या माथ्यावर हाय. भांडू. तोंड हाय आमाला."

"आणि तोवर पाडसं?"

"तोवर वाड्यातलं एक मानूस उघड्या तोंडानं रानात हिंडनार न्हाई. चौशिंगा काय तुमच्या एकट्याचा हाय व्हय?"

तिनं पदर नाकावरून घेऊन मागं घट्ट गाठ मारली. मग स्वतःच फाटक ढकललं. दौलत आडवा आला नाही. बोकड तिच्यामागं वाटेला लागले आणि पदराआडून ओवी चढू लागली:

"डोंगराच्या माथ्याला गं, माझ्या वाड्याचा धूर निळा,
कोन पुसंल नाव माझं, वाट वळखी माझा गळा."

डॉक्टर यंत्रापुढं बसले. वाचन पुसलं नाही. अहवाल उघडला. पडद्यावर 'वाहक प्राण्याची जात' असा रकाना होता: शेळी, मेंढी, गाय, म्हैस, इतर. माणसासाठी जागा नव्हती. त्यांनी 'इतर' निवडून लिहिलं, माणूस. पहिलं नाव स्वतःचं घातलं. दुसरं, सगुणानं बजावल्याप्रमाणं, तिचं.

यंत्रानं क्षणभर विचार केला आणि जनावरांबाबत ते जे नेहमी विचारी, तेच विचारलं:

"ही जात वनक्षेत्रातून कायमची हटवायची का?"