चौकटीत फक्त दात

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नवं दंत महाविद्यालय निघालं. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी इकडं फिरकला नाही.

डॉ. पंचशीला त्या कॉलेजात पोरांना दातांचे फोटो काढायला शिकवायची. शिस्त कडक. आधी पेशंटच्या नावाची चिठ्ठी, मग समोरचे दात, मग बाजूचे, आणि शेवटी तोंडात आरसा धरून वरची पंगत. चौकटीत फक्त दात. नाक-डोळे दिसले की फोटो बाद. आणि पेशंटला हात लावण्याआधी पोरांनी बाईंचंच तोंड टिपायचं, म्हणजे चुकलं तर बोलणी जागेवर खाता यावीत.

वाफेनं धुरकटू नये म्हणून आरसा गरम पाण्यात बुडवतात. टँकरच्या दिवसांत ही चैन कुठली? त्यापेक्षा तिनं श्वास रोखला. व्यंकट नावाच्या विद्यार्थ्यानं आरसा धरला, पुसला, परत धरला.

"मॅडम, श्वास घेऊ नका."

तिनं घेतला नव्हता.

पंधरा दिवसांनी हैदराबादहून स्लाइड धुऊन आल्या. चिठ्ठीवर तिचं नाव, पुढं तिचेच पांढरे दात. आरशातल्या शेवटच्या फोटोत मात्र दात मिसरीनं काळे पडलेले आणि पुढचा एक तिरका तुटलेला. पोरं म्हणाली, धुणाऱ्यानं घोळ घातला. तीही हो म्हणाली आणि ती स्लाइड पर्समध्ये टाकली.

तो दात तिच्या ओळखीचा होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना कपची उडून तिच्या आईचा, नागुबाईचा दात तुटला होता. त्याच उन्हाळ्यात आई गेली. पंचशीला तेव्हा नऊ वर्षांची. घरात भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते. आईचा फोटो नव्हता. चेहरा पुसट होत होत आता फक्त ते तुटकं हसू उरलं होतं, आणि तेवढंच आठवतं याची तिला फार लाज वाटायची. एकदा तरी तो चेहरा दिसावा, एवढंच तिला हवं होतं. कॅमेऱ्यानं दिले ते नुसते दात, तिच्याच नियमानं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खुर्चीत बसली.

"आरसा तसाच धर, पण आज मागं सर. पूर्ण चेहरा घे."

"फोटो बाद व्हईल, मॅडम."

"होऊ दे."

आरसा पुन्हा धुरकटला. व्यंकटनं भिंगातून बराच वेळ पाहिलं, बटण दाबलं आणि कॅमेरा खाली ठेवला.

ही स्लाइड आली तीत पंचशीलाच होती. कपाळावर घाम, दात पांढरेशुभ्र. तिला रडू आलं.

रविवारी ती एसटीनं लोह्याला मावशीकडं गेली. पार्वतीमावशीनंच तिला वाढवलं होतं. पंचशीलानं चेहऱ्याची स्लाइड तिच्या हातात दिली. मावशीनं ती खिडकीच्या उजेडात धरली.

"ही तर आपली पंची. लई झाक आली."

मग तिनं मान वर केली. पंचशीलाकडं बघतच राहिली. स्लाइड हळूच पदराखाली घेतली.

"नागू," ती म्हणाली, "पोरगी कुठं हाय?"

पंचशीलानं बोलायला तोंड उघडलं. जीभ पुढच्या दाताला लागली.

कड तिरकी होती.