वीतभर उघडी कड

विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो की माझी आर्डिस मावशी खोटं बोलत नाही. दुसऱ्याच्या केकला छान म्हणते तेवढंच, आणि तेवढं तर सगळेच बोलतात.

घडलं ते इथेच, आयोवात, गावाबाहेरच्या तिच्या घरी. गेल्या जानेवारीतल्या त्या मोठ्या हिमवादळात. भुताने खरं तर रात्री यावं, तशी पद्धत आहे. हे आलं भर दुपारी, जेवणाची भांडी अजून सिंकमध्ये पडलेली असताना.

मावशी गोधड्या शिवते. नवं कापड विकत घेणं तिला उधळपट्टी नव्हे, चक्क पाप वाटतं. चर्चच्या तळघरात जुन्या कपड्यांचं दुकान आहे, तिथून ती पिशव्या भरभरून आणते. कोणाचे सदरे, कोणाचे झगे, कोणाच्या मोडलेल्या संसाराचे पडदे. तिचं कपाट भरलं, मग नवऱ्याचं भरलं. नवरा वारला तेव्हा तिने आधी त्याचे सदरे कापले आणि मग रडली, असं माझी आई सांगते. तिची मुलगी ट्रुडी म्हणायची, "आई, तुझ्या घरी पाहुण्याने फार वेळ बसू नये. कापशील त्यालाही."

आता गोधडी कशी होते ते ऐका, कारण सगळं तिथेच अडलं.

वरचा आणि खालचा पदर उलटे करून एकमेकांवर ठेवायचे. चारी बाजूंनी शिवायचे. फक्त एका कडेला वीतभर जागा मोकळी सोडायची. त्या फटीतून अख्खी गोधडी उशीच्या अभ्र्यासारखी सुलटी करून बाहेर ओढायची. मग ती वीतभर कड हाताने शिवून टाकायची.

पण लगेच नाही.

मावशीची सासू ल्योना लगेच शिवूच द्यायची नाही. गोधडी एक रात्र व्हरांड्यात ठेवायची, उघडी कड रस्त्याकडे करून. म्हणायची, "जुने कपडे आहेत गं. त्यात कोणी राहून गेलं असेल, तर त्याला निघू दे." मावशी हसायची, पण करायची. सासू गेल्यावरही करायची. आमच्या भागात सगळ्याच बायका करतात, आणि का करतात ते कोणी विचारत नाही.

त्या दिवशी मात्र तिने केलं नाही.

रविवारी ट्रुडीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. आमच्या घरातलं प्रत्येक मूल मावशीच्या गोधडीत गुंडाळून चर्चमध्ये जातं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच गोधडीत झोपतं. बर्फ सारणारी गाडी रस्ता मोकळा करत येणार आणि तिच्यामागून ट्रुडी गोधडी न्यायला येणार, असं ठरलं होतं. व्हरांड्याच्या दाराला बर्फ छातीपर्यंत लागलेला.

मावशीने विचार केला, एका रात्रीने काय बिघडतंय?

आणि कड शिवून टाकली. बारीक, घट्ट टाक्यांनी.

या गोधडीत तिने एक लाडाची गोष्ट केली होती. दुकानातून निळ्या चौकडीचा एक पुरुषी सदरा मिळाला होता. एरवी ती खिसे उसवून टाकते. या वेळी खिसा तसाच ठेवून तो तुकडा वरच्या कोपऱ्यात लावला. बाळ झोपताना इवलासा हात खिशात घालेल म्हणून.

गोधडी खुर्चीवर पसरून ती कॉफी करायला गेली.

परत आली तेव्हा...

निळा तुकडा एक घर खाली होता.

मावशीला माणसांची नावं आठवत नाहीत. मला ती अजून माझ्या भावाच्या नावाने हाक मारते. पण कुठल्या गोधडीत कुठला तुकडा कुठे आहे, ते ती झोपेतही सांगेल. तिने चष्मा पुसला. टाके पाहिले. टाके तिचेच होते. एकही उसवलेला नव्हता.

ती भांडी घासायला वळली.

मागून आवाज आला. खस... खस...

कोणीतरी आतून शिवणीवर बोटं फिरवत जावं, तसा.

वळली, तर आवाज बंद. निळा तुकडा गोधडीच्या मध्यावर.

मावशी घाबरट बाई नाही. तिने कोट चढवला, बूट घातले आणि सरळ दाराकडे गेली. शेजारी जाऊन बसावं, असा साधा विचार. दार हललं नाही. बाहेरून बर्फ. मागचं दारही हललं नाही. खिडक्या चौकटीत गोठलेल्या. ती एकेक खिडकी ढकलत, फटी चाचपत, भिंतीला धरून घरभर फिरली.

मग तिच्या लक्षात आलं.

घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा घरघराट थांबला होता. वाऱ्याचा आवाजही नव्हता. घरात एकच आवाज उरला होता.

खस... खस...

ती थांबली की तोही थांबायचा. तिने दाराला खांदा लावला की गोधडी एका जागी फुगायची आणि बसायची.

ती घरात जे करत होती, तेच गोधडीत कोणीतरी करत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ट्रुडी होती. बर्फाची गाडी पुढे लागली आहे, वळणावर पोचलेच, गोधडी बांधून ठेव, असं सांगत होती.

"ट्रुडी, ही राहू दे गं. दुसरी देते."

"दुसरी कशाला?"

"हिचं जरा काम राहिलंय."

"आई, तुझं काम मरेपर्यंत राहणारच आहे. बाळाला काय टॉवेलात नेऊ? मी आले की घेऊन जाणार."

आणि ती नेणारच होती. नाही म्हटलं की तेच करायचं, हा गुण तिने आईकडूनच घेतला आहे.

मावशीने फोन ठेवला.

निळा तुकडा आता खालच्या कडेला होता. शिवलेल्या वीतभर जागेला अगदी चिकटून. खिसा खाली ओढल्यासारखा झाला होता. त्यात एक हात आहे, हे कोणीही सांगितलं असतं. बोटांचे उंचवटे दिसत होते.

बोटं कडेवर ठोकत होती.

टक... टक... टक...

जोरात नाही. बराच वेळ दार ठोठावून दमलेलं माणूस ठोकतं, तसं.

मावशी खुर्चीसमोर उभी राहिली. गोधडी अशीच दिली, तर बाळ रोज रात्री त्या खिशात हात घालणार. आणि खिसा रिकामा नाही. कड उसवली, तर जे निघायचं ते इथेच निघणार. व्हरांडा बंद, दारं बंद, खिडक्या बंद. या घरातून त्याला पुढे वाट नव्हती.

तिलाही नव्हती.

तिने टाके उसवायचं हत्यार शोधलं. जागेवर नव्हतं. कात्री शोधली. त्या घरात स्वयंपाकघरापासून संडासापर्यंत प्रत्येक खोलीत कात्री असते. एकही सापडली नाही.

मग तिने गोधडी उचलली आणि कड दातांत धरली.

दात अजून स्वतःचे आहेत, याचा तिला फार अभिमान आहे. त्या दिवशी त्यांचं चीज झालं. ओठांना पलीकडून थंडगार काहीतरी टेकत होतं, तरी ती टाके तोडत राहिली. शेवटचा टाका तुटला...

काहीच निघालं नाही.

फक्त तंबाखूचा वास आला आणि गोधडी मांडीवर हळूच खाली बसली. गादीवरून कोणी उठल्यावर गादी सैल होते, तशी.

मग स्वयंपाकघरातली खुर्ची सरकली.

भट्टी पुन्हा घरघरू लागली.

ट्रुडी आली, फावड्याने दार मोकळं केलं. तोवर मावशीने कड परत शिवली होती. या वेळी आधी आत कोपरापर्यंत हात घालून, चारी कोपरे चाचपून. ट्रुडीने गोधडी उलगडली आणि विचारलं, "खिशाचा तुकडा कुठे गेला? तू पाठवलेल्या फोटोत तर होता."

त्या जागी पिवळ्या फुलांचा तुकडा होता. मावशी म्हणाली, बदलला.

तिने बदलला नव्हता. पिवळ्या फुलांचं कापड तिच्या घरात कधी नव्हतंच.

बाळ छान आहे. रात्रभर झोपतं. ट्रुडीला यातलं काही माहीत नाही.

मी मावशीकडे गेलो तो मार्चमध्ये. स्वयंपाकघर बर्फाच्या पेटीसारखं गार. सिंकवरची खिडकी वीतभर उघडी. मी ती लावायला उठलो.

"राहू दे," मावशी म्हणाली.

तेव्हा तिने मला हे सगळं सांगितलं. कॉफी ओतत, केक कापत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. ऐकता ऐकता माझी नजर बैठकीच्या पडद्यावर गेली. पडद्याच्या खालच्या टोकाला निळ्या चौकडीचं ठिगळ होतं. त्याला खिसा होता.

"ते तू लावलंस?"

"मी कशाला लावू? मागच्या आठवड्यात ते माझ्या उशीवर होतं."

"मावशी, तू माझ्याबरोबर चल. आत्ता."

"आणि त्याला कोंडून ठेवू? एकदा ठेवलं तेवढं पुरे. खिडकी उघडी आहे, सापडेल त्याला. हळू चालतं बिचारं." मग तिने बशी पुढे सरकवली. "केक कसा झालाय?"

"छान," मी म्हणालो.

निघताना मी पडद्याकडे पाहिलं. ठिगळ नव्हतं. जरा बरं वाटलं. सिंकवरच्या उघड्या खिडकीच्या पडद्यावर पोचलं असेल म्हणून तिथे पाहिलं.

तिथेही नव्हतं.

गाडीत बसून मागे वळलो. मावशी दारात उभी राहून हात हलवत होती. तिच्या एप्रनला निळ्या चौकडीचा खिसा होता.

एकच हात हलवत होती. दुसरा खिशात होता. तो काढायला ती बघत होती, असं मला वाटलं... पण तो निघत नव्हता.

सिंकवरची खिडकी अजून उघडीच असते, असं परवा ट्रुडी सांगत होती.