पच्चैमलैची उतरण

पच्चैमलैच्या डोंगरावरून धावत पलीकडे उतरायची वाट शोधायची, एवढ्यासाठी ते तिघं कुंभकोणम सोडून निघाले होते. धावणाऱ्यांच्या मंडळाचे म्हातारे अध्यक्ष हनुमंतराव यांनी मनावरच घेतलं होतं, की पोंगल झाल्यावर डोंगरातली शर्यत भरवायचीच! सपाटीवर धावून त्यांची पोरं कंटाळली होती. कावेरीच्या काठानं स्वामीमलैपर्यंत आणि शेताच्या बांधांवरून इन्नंबूरला वळसा घालून परत, यापलीकडे धावायला होतं काय? वाट जो शोधील त्याचं नाव वाटेला द्यायचं, असंही ठरलं होतं. स्वामीमलैच्या मूर्तिकारानं शर्यतीत बक्षीस द्यायच्या पितळी समईचा साचासुद्धा केला होता, फक्त वाटेचं नाव कोरायचं बाकी होतं.

ते नाव आपलंच असणार, याविषयी विजयराघवला काडीचीही शंका नव्हती. बँकेतली नोकरी, पिळदार पोटऱ्या आणि जीभ त्याहून पिळदार! त्याच्याबरोबर त्याची मावसबहीण वेदवती होती. ती कॉलेजात खेळ शिकवायची आणि विजयराघवला लहानपणापासून ओळखून होती. तिसरा त्यागराज. तिघांत सर्वांत वेगवान, सर्वांत गरीब स्वभावाचा. महिन्याभरानं रेल्वेत खेळाडूंची निवड होती. त्या निवडीवर त्याची नोकरी अवलंबून होती आणि नोकरीवर नवं घर. बायको अलमेलुला दिवस गेले होते. वेदवतीनं त्याला सांगून पाहिलं होतं, की निवड होईपर्यंत डोंगर नको. पण विजयराघव म्हणाला, "डोंगरांत दम वाढतो रे!" आणि त्यागराज निघाला.

पहाटेच्या बसनं पायथ्याशी उतरून त्यांनी चढण घेतली. काय ती चढण! बांधावरून धावणाऱ्या पायांना दगड म्हणजे काय ते पहिल्यांदाच कळत होतं. बांबूची बेटं, फणसाची झाडं, मध्येच उघडा कातळ आणि त्यावर सुकलेलं निसरडं गवत. अर्ध्या चढणीवर त्यागराजचा पाय मुरगळला. "कांहीं नाहीं," म्हणत तो धावत राहिला, पण वरच्या वस्तीत पोचेपर्यंत घोट्याभोवती सूज दिसू लागली होती.

वस्तीच्या टोकाला आरोग्य केंद्राची कौलारू खोली होती. दारात पांढऱ्या साडीतली एक नर्स बसली होती. चांगली जाडजूड बाई, खुर्ची दिसेनाशी झालेली. तिनं त्यांना पाणी दिलं आणि तमिळमध्ये विचारपूस केली. पलीकडे उतरायचं आहे म्हटल्यावर तिनं डोंगराच्या कण्यासारख्या उंच धारेकडे बोट दाखवलं. "माझ्या खोलीमागून वाट निघते. लांबची आहे, पण तीच घ्या. ओढ्याच्या बाजूनं उतरू नका, तिथं कडा आहे. आणि यांचा पाय मला बघू द्या. आज यांनी धावायचं नाही."

आज यांनी धावायचं नाही! विजयराघवला ते झोंबलं. आणि कुंभकोणमच्या बाजारात आपली मराठी माणसं जे नेहमी करतात, तेच त्यानं केलं. तोंडावर हसू ठेवून तो आपल्या घरच्या मराठीत बोलला. तंजावरकडची ही जुनी मराठी परक्या माणसाला कुठून कळणार? भाजीवाल्यासमोर भाव पाडायचा ठरवावा तसं तो खुशाल म्हणाला, "हिला काय ठाऊक वाटा? ही त्या दारांतून तरी बाहेर निघते कीं नाहीं कोण जाणे!"

त्यागराज खुदकन हसला. वेदवतीनं डोळे वटारले.

नर्सनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "निघतें कीं," ती त्याच मराठीत शांतपणे म्हणाली. "दार मोठें करवून घेतलें आहे. माझें माहेर साक्कोट्टैचें, बाबा. शिवकामी म्हणतात मज. आतां त्या पोराचा पाय दाखवा."

विजयराघवच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. साक्कोट्टै! कुंभकोणमहून सायकलवर गेलं तर घाम येण्याआधी पोचता येईल असं गाव! तिच्याकडे पाहायची त्याला सोय उरली नाही. माफी मागावी, एवढं साधं होतं ते. पण ती त्यानं मागितली नाही.

"नोको, वेळ नाहीं," तो कसंबसं म्हणाला, पिशवी उचलली आणि धावत सुटला. मागून दोघं धावली. त्यागराजनं एकदा वळून पाहिलं, पण थांबला नाही. विजयराघव त्याचा पुढारी होता ना!

फणसांच्या आड गेल्यावर वेदवतीनं त्याचा दंड पकडला. "धारेची वाट तिच्या खोलीमागून आहे. फीर माघारी."

"ओढ्यानें जाऊं."

"कडा आहे म्हणाली ना ती!"

"अक्का, पाणी कोठें जातें? शेतांत जातें, गांवांत जातें! पाण्यामागें गेलेला माणूस कधीं चुकला आहे काय?"

कावेरीच्या मुलखात हे अगदी खरं होतं. तिथं पाटाचा काठ धरला, की आज ना उद्या कुणाच्या तरी परसात माणूस पोचतोच. पण तो पाण्यावरच्या विश्वासानं बोलत नव्हता. त्या दारासमोरून पुन्हा जावं लागेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याचं त्यालाही ते ठाऊक होतं आणि त्यामुळे तो आणखीच जोरात धावत होता.

ओढा आधी गोड वागला. वाळू, गुळगुळीत गोटे, घोट्याएवढं पाणी. मग दोन्ही काठ वर वर चढू लागले. गोट्यांचे धोंडे झाले, धोंड्यांवर शेवाळ आलं. त्यागराज आता लंगडत होता, तोंडातून अवाक्षर न काढता. झाडं संपली. समोर एकदम आकाश दिसलं आणि पाण्याचा आवाज बदलला.

"थांबा!" वेदवती ओरडली.

विजयराघव थांबला. त्यागराजनंही थांबायला पाय रोवला. दुखरा पाय! तो वळला, निसटला. त्यागराज पाठीवर आपटला. पाण्यानं त्याला ओढलं! कड्याच्या तोंडाशी एक वाकडं झाड होतं. त्याच्या मुळांत पाय अडकला. कट्कन आवाज झाला. त्यागराजची किंकाळी दरीभर घुमली!

विजयराघव पालथा पडला. हात पुढे केला. पोचेना! वेदवतीनं कमरेला गुंडाळलेलं उपरणं सोडून त्याच्याकडे फेकलं. त्यागराजनं एक टोक धरलं. "ओढ!" दोघांनी ओढलं. उपरणं टरकन फाटलं. "आणखी एकदां!" विजयराघवनं त्याचा शर्ट पकडला, मग बगल पकडली. तिघंही काठावरच्या कातळावर येऊन पडले. खाली पार तळाशी शेतं चमकत होती आणि मध्ये उतरायला नुसता कडा होता.

त्यागराजचा पाय नडगीपाशी वाकडा झाला होता.

विजयराघव कड्याच्या कडेनं इकडून तिकडे फिरू लागला. "खालीं गांव दिसतें. बाजूनें उतरून मी माणसें आणतों."

"उतरून?" वेदवती उभी राहिली. "वर जा! तिच्याकडे जा! तिचें तोंड पाहायची तुज लाज वाटते, म्हणून ह्यानें येथें मरायचें काय रे?"

त्यानं त्यागराजकडे पाहिलं. त्यागराज डोळे मिटून, दात आवळून पडला होता आणि अजूनही काही बोलत नव्हता. एक शिवी तरी दिली असती त्यानं! विजयराघव वळला आणि धावला.

आयुष्यात इतक्या वेगानं तो कधी धावला नव्हता आणि इतक्या जड मनानंही. हात सोलले, गुडघे फुटले. फणस दिसले. खोली दिसली. शेवटच्या काही पावलांत पाय आपोआप मंदावले, तेव्हा त्याला स्वतःची किळस आली.

शिवकामी दारातच होती. त्याचे हात पाहून ती उठली.

"अक्का, मीं मघां जें..."

"कोण पडलें?" तिनं विचारलं.

"त्यागराज. पाय मोडला. कड्यापाशीं."

तिनं औषधांची पिशवी घेतली, वस्तीतल्या माणसांना हाका मारल्या, एक बाज उचलायला लावली आणि स्वतः निघाली. ती सावकाश चालत होती, जागोजागी थांबून श्वास घेत होती. प्रत्येक थांब्याला विजयराघव खाली मान घालून उभा राहत होता. कातळावर पोचल्यावर तिनं बांबूच्या कांबी बांधून पाय सरळ केला, इंजेक्शन दिलं आणि बाजेकडे बोट करून त्याला म्हणाली, "पुढची बाजू धर." वर वस्तीत पोचेपर्यंत त्यानं ती सोडली नाही.

फणस न्यायला आलेली एक जीप वस्तीत होती. बाज तिच्यात आडवी बसली. त्यागराजला गुंगी येऊ लागली होती. "निवड महिन्याभरानें आहे, तोंवर पाय बरा होईल ना रे?" त्यानं विचारलं. विजयराघवनं शिवकामीकडे पाहिलं. तिनं हलकेच मान नाही म्हणून हलवली.

"धारेची वाट चांगली आहे," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पुढें कधीं आलां तर दाखवीन."

"नोको, अक्का. त्या वाटेला माझें नांव नोको." तो जीपच्या पायरीवर बसला. "हनुमंतरावांस सांगतों, दुसरें कोणी पाठवा."

"त्यांचें राहूं दे. ह्याच्या घरीं कोण आहे?"

"बायको. दिवस गेलेली आहे."

"तिला कोण सांगणार?"

वेदवती जीपमध्ये चढून त्यागराजच्या उशाशी बसली.

"मीच," विजयराघव म्हणाला.

"काय सांगशील? पाय घसरला म्हणून?"

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, तरी शिवकामी हलली नाही.

"नाहीं," तो शेवटी म्हणाला. "तुम्हीं पाय पाहूं म्हणालां होतां. मीं पाहूं दिला नाहीं."

शिवकामीनं मान डोलावली, त्याला आत बसवलं आणि जीपचं दार लावलं.