रविवारी एक ते पाच

बदनापूरला आमच्या घरी रविवारी दुपारी एक ते पाच टीव्ही आईचा असायचा. केबलवर एका इंग्रजी चॅनेलला तेव्हा, म्हणजे १९९७ साली, हॉलिवूडचे जुने काळे-पांढरे सिनेमे लागायचे, लागोपाठ दोन. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. गोधडीची घडी टाकून त्यावर शेंगा फोडत ती दोन्ही बघायची. "बाया कशा ताठ चालून राह्यल्या बघ," म्हणायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. तिच्या शेजारी वह्या तपासत बसायचे.

त्या रविवारी मेजवानीचा प्रसंग चालू होता. आईने एकदम डोक्यावर पदर घेतला.

"काय झालं?"

"मामंजी बसलेत."

मामंजी म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा अप्पाराव. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. नवी नवरी असताना आई अंबडच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला बसली, तर याच माणसाने तिला भर गर्दीतून दंडाला धरून बाहेर काढलं. उरलेला सिनेमा राहिला तो राहिलाच. मला आजही त्याचा संताप येतो.

पडद्यावर कोटातले गोरे लोक नाचत होते. कोपऱ्यात खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. डोक्याला पटका.

"असेल कुणी गर्दीतला नट," मी म्हणाले.

दुसऱ्या सिनेमात कोर्ट होतं. गोष्ट वेगळी, नट वेगळे. पाठ तीच, फक्त दोन रांगा पुढे.

पुढच्या रविवारी त्याने मान वळवली. काठीवरच्या हाताला अंगठा नव्हता. आजोबांचा अंगठा उसाच्या चरकात गेला होता. मी वही मिटली.

त्यानंतर दोन रविवार आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. इतक्या वर्षांनी तिला तिची दुपार मिळाली होती, तीही यानेच नेली.

"मेल्यावरसुद्धा भागलं नाही का याचं?" मी ओरडले.

तिसऱ्या रविवारी बरोबर एक वाजता ती आली. ओसरीवरची आजोबांची लाकडी खुर्ची तिने फरफटत आत आणली. त्या खुर्चीवर घरातली कुठलीच सून कधी बसली नव्हती.

आई बसली. पदर खांद्यावर.

"लाव."

"आई, राहू दे."

"लाव म्हन्ते ना. तवा उठले मी. आता बिलकुल उठनार न्हाई."

आगगाडीच्या डब्यातला प्रसंग होता. तो अगदी समोर बसून आमच्याकडे बघत होता. आईही बघत राहिली. तिची पापणी लवली नाही.

तो उठला.

पडद्याच्या कडेने बाहेर गेला.

खाली आईच्या रोजच्या जागी गोधडीची घडी हळूहळू दबली, कुणी मांडी घालून बसावं तशी.

आईने तिकडे पाहिलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "पन मधी बोलायचं न्हाई."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.