शेजारची सीट

बापाची त्रेपन्न सालची शेवरले टॅक्सी माझं पोट भरते. तिचा पुढचा अखंड बाक मोडला, स्प्रिंगा वर आल्या आणि माझी पाठ गेली. उद्या फेऱ्या चुकल्या असत्या तर स्टँडवरची माझी जागा दुसऱ्यानं लाटली असती. म्हणून भर दुपारी गाडी निवाल्दो मिस्त्रीच्या अंगणात घातली.

त्यानं एका नव्या गाडीच्या दोन सुट्या बकेट सीटा आणून ठेवल्या होत्या. काळ्या, गुबगुबीत.

"कुणाच्या रे?"

"ज्यांना आता लागत नाहीत त्यांच्या. गाडी अपघातातली आहे. तुला पाठ हवीय की कुळकथा?"

मी हसले. मेलेल्यांनी माझं कधी काही नेलं नाही. नेलं ते जित्यांनीच.

जुन्या गाडीच्या भोकांत नव्या सीटेचे बोल्ट कुठले बसायला! निवाल्दोनं मोडक्या पलंगाचं लोखंड कापून चौकट केली, वेल्डिंग मारलं. मी बसले तर डोकं छताला.

"मान वाकवून चालव, मिग्दालिया. तेवढीच नम्र दिसशील."

"चौकटीचे पाय काप. नाहीतर तुझे कापते."

त्यानं कापले. मग सीटेखालची वायर पकडीनं तोडली. पट्टा लावला नाही की नवी गाडी टुंई टुंई करते ना, तिची वायर. आमच्या म्हातारीत ती जोडायची तरी कशाला?

पाठ सुखावली. दिवेलागणीला मी पेट्रोलला निघाले. आमच्या कामाग्वे शहरातले दिवे रोजच्यासारखे गेलेले. सीट तापली तसा शेजारून कुणाच्या तरी कोलोनचा वास यायला लागला. पंपावर अंधारात गाड्यांची नुसती पाठमोरी धुडं. मी इंजिन बंद केलं.

आमच्याकडे रांगेला आलेला माणूस आधी विचारतो, शेवटचं कोण? जो 'मी' म्हणेल, त्याच्यामागून आपला नंबर. जिभेला सवयच ती. मी खिडकीतून ओरडले, "शेवटचं कोण?"

"मी…"

आवाज खिडकीतून नाही आला. शेजारून आला.

सीट रिकामी होती. पण बूड टेकल्यासारखी दबलेली. आणि खालून, तोडलेल्या वायरीतून… टुंई… टुंई…

भ्याले, पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. प्रत्येक रांगेत घुसताना म्हणते, तेच तोंडातून गेलं.

"बाजूला हो. मला घाई आहे!"

मग अगदी अदबीनं, "मग… तुम्ही पुढे व्हा."

सीट हळूच वर आली. वास गेला.

त्याच पावली निवाल्दोकडे गेले आणि दोन्ही सीटा उपटायला लावल्या. आता लाकडी खोक्यावर बसून गाडी हाकते. पाठ मोडली तर मोडू दे. स्टँडवरची जागा अजून माझीच आहे. आणि घाई मी सोडली. कुठल्याही रांगेत मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी राहते, माझ्यामागे कुणी नाही हे वळून बघते, मगच निवांत होते.

काल पावाच्या रांगेत तशीच भिंतीला पाठ लावून उभी होते. पुढची अनोळखी बाई वळली, माझ्या खांद्यावरून मागे बघत बाजूला सरकली.

"या ताई, तुम्ही पुढे व्हा. तुमच्या मागचे म्हणतायत, तुम्हाला घाई आहे."