बाबांचं राइट

हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार उघडलं आणि व्हीलचेअरमधून धर्मराज कडाडले, "राइट! राइट!"

आतून बाहेर पडणारा चष्मेवाला तरुण घाईघाईने उजवीकडे सरकला... आणि त्याचा पाय थेट फरशी पुसणाऱ्या मावशींच्या बादलीत गेला.

"सॉरी, सॉरी!" खुर्ची ढकलणाऱ्या त्यांच्या मुलीने, नमिताने ओढणी तोंडावर धरली. तिला हसायचं नव्हतं. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसू आलं होतं, ते आवरेना. "ते तुम्हाला सरका म्हणत नव्हते हो."

"मग?"

"चिडलेत. लिफ्ट लवकर आली नाही म्हणून."

"राइट म्हणजे चिडणं?" त्याने ओला बूट झटकला. "हा अर्थ आम्हाला कॉलेजात नाही शिकवला." मग तो धर्मराजांच्या खुर्चीपाशी वाकला. "काका, मी अभिराम. तुमची अपॉइंटमेंट माझ्याकडेच आहे."

अभिराम बेलापूरच्या त्या हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपिस्ट होता. गेलेली वाचा परत आणायची खटपट करणारा. धर्मराजांची वाचा फेब्रुवारीत स्ट्रोकने नेली, सोबत उजवा हात आणि उजवा पाय. उरणच्या कंटेनर यार्डात बावीस वर्षं ते ट्रेलरच्या मागे उभे राहून ड्रायव्हरला ओरडून वाट दाखवायचे. सगळी भाषा गेली आणि त्या ओरडण्यातला एवढा एक इंग्रजी शब्द जिभेवर राहिला. भूक लागली तरी राइट, दुखलं तरी राइट.

"असं होतं काही पेशंटचं," अभिराम म्हणाला. "शब्द एकच, अर्थ आवाजात असतो. ते अर्थ तुम्हालाच कळतायत. मला शिकवाल?"

मग दर शनिवारी दुपारी तो नावड्याला त्यांच्या घरी येऊ लागला. नमिता महापेच्या एका कंपनीत होती, शनिवारी तिला सुट्टी असायची. पहिल्या दिवशी त्याने वहीत नीट अक्षरात लिहून आणलं होतं – उजवा, बरोबर, योग्य, हक्क, लगेच. नमिताने त्या पानावर सरळ काट मारली.

"हे डिक्शनरीतलं झालं. आमच्या घरातलं लिहा."

तोडून म्हटलं की पाणी. ओढून म्हटलं की कूस बदला. दोनदा पाठोपाठ म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवा. धर्मराजांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं की जो यायचा, तो मात्र डिक्शनरीतला – हक्काचा! मेअखेर वहीत सतरा अर्थ झाले.

एकदा अभिराम निघायला उठला, तसे धर्मराज हळूच म्हणाले, "राइट..."

"हा कुठला? नवीन दिसतोय."

"हा म्हणजे... बसा अजून थोडा वेळ."

"काका म्हणतायत की तुम्ही?"

नमिताने त्याच्याकडे न बघता कप पुढे सरकवला. "चहा गार होतोय."

चहा गरमच होता.

नमिताची आई, पुतळाबाई, त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. "म्हावरा केलाय, जेवून जा रं." घरी वरण-भात खाणारा अभिराम मासळीच्या काट्यांशी झटापट करत बसायचा. एकदा नमिताने त्याचं ताट ओढलं, बोटांनी काटे काढले आणि ताट परत सरकवलं. दोघंही त्यानंतर बराच वेळ ताटातच बघत होते.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी धर्मराजांना दुसरा झटका आला. ॲम्ब्युलन्स कॉलनीच्या वळणावर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाराव्यानंतरच्या शनिवारी अभिराम आला, नेहमीच्या वेळेला. पुतळाबाईसमोर बसून त्याने फोन काढला.

"आई, काकांचा आवाज आहे माझ्याकडे. सरावाचं रेकॉर्डिंग करायचो. ऐकायचाय?"

पुतळाबाईने फोन दोन्ही हातांत धरला. "राइट!" – तोडून म्हटलेला. ती पाणी आणायला अर्धी उठली... आणि तशीच खाली बसली.

एकामागून एक आवाज येत गेले. एकाएकी अभिरामने हात पुढे केला. "पुढचं नको. राहू दे."

पण ते सुरू झालं होतं. त्याचाच आवाज, अडखळणारा. "काका, नमिता मेडिकलमध्ये गेलीय, तोवर विचारतो... मला ती आवडते. तिला लग्नाचं विचारू?"

नुसती पंख्याची घरघर. मग फाटलेल्या आवाजात – "राइट."

"जुलैतलं आहे," अभिराम मान खाली घालून म्हणाला. "मला कळलंच नाही गं ते काय म्हणाले. रोज ऐकतो. तुला विचारायचं होतं, पण..."

नमिताला ऐकताक्षणीच कळलं होतं. फेब्रुवारीत स्कॅनसाठी आत नेताना तिचं मनगट घट्ट धरून बाबा असंच म्हणाले होते. खोटं सांगणं सोपं होतं. वहीत अठरावा अर्थ लिहिला असता, कोण तपासणार होतं? तिने आईकडे बघितलं. आईने तोंड फिरवलं. तिलाही कळलं होतं.

"जाऊ नको," नमिता म्हणाली. "मला म्हणतायत. आम्हाला सोडून जाऊ नको."

अभिरामने मान हलवली. उठला, उंबऱ्याबाहेर जाऊन चपला शोधू लागला. एक पायात घातली.

"थांबा." नमिता दारात आली. "सहा महिने बाबांचं म्हणणं मी सगळ्यांना सांगत आले. हेही खरं तेच सांगितलं. पण माझं काय म्हणणं आहे, ते..."

"ते काय, नमिता? सांग ना."

तिने तोंड उघडलं. पण शब्दाऐवजी रडूच आलं. इतक्या दिवसांत न आलेलं, पाहुण्यांना चहा देताना, कागदांवर सह्या करताना मागे राहिलेलं सगळं. ती पायरीवर बसली. एकच चप्पल घातलेला अभिराम तिच्या शेजारी बसला.

"तुजा बापूस घाबरला व्हता," आतून पुतळाबाई म्हणाली. "मी नाय घाबरलेली. बेलापूर कवरा लांब हाय? लगीन कराचा असल तं वरसाच्या आत करा, नाय तं तीन वरसं थांबावा लागल. न् यो फोन आज माज्याजवल ऱ्हाऊ दे."

अभिरामने रुमाल पुढे केला. नमिताने डोळे पुसले, नाक पुसलं, रुमाल मुठीत धरून ठेवला.

"हो," ती म्हणाली.

आत पुतळाबाईने रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.