वय ऋण नसते

आयुष्यभर मी वर्तमानपत्रांतून विनोदी खोटं लिहिलं. लोकांना ते खरं वाटलं. आता खरं सांगतोय, तर कोणी विश्वास ठेवणार नाही. असो.

रविवारची दुपार होती. भयकथेला रात्र शोभते, हे मला कळतं. पण भुताने माझा सल्ला घेतला नाही.

दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर माझी पुतणी ठकी वर्गसमीकरणं सोडवत होती. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा. नापास झाली तर वर्ष वाया. आणि बाप गावभर बीजगणित शिकवणारा मास्तर!

गणित वयाचं होतं. मुलीचं आजचं वय गुणिले अकरा वर्षांपूर्वीचं वय बरोबर साठ. ठकीने झटकन अवयव पाडले. उत्तरं दोन. पंधरा आणि उणे चार.

"आता लिही, वय ऋण नसते. आणि उणे चार खोड," दादा म्हणाला.

"नाही खोडणार."

"अगं, याच्यापायीच मागच्या वेळी गुण गेले ना?"

"खोडलं की ती रडते, बाबा."

स्वयंपाकघरातला वहिनीच्या भांड्यांचा आवाज थांबला...

"ती कोण गं, तुझी शिकवणीची बाई?" मी विचारलं. कोणीच हसलं नाही.

"आतल्या खोलीत असते, काका. म्हणते, ते उत्तर माझं आहे."

ठकी जुळ्यातली. दुसरी दवाखान्यातून घरी आलीच नाही. हे ठकीला कधी कळू द्यायचं नाही, असं आम्ही मोठ्यांनी ठरवलं होतं. पाळलंही होतं.

दादा पांढराफटक पडला. पण मास्तरच तो. त्याने पेन हिसकावलं आणि उणे चारवर खसकन रेघ ओढली.

आतल्या खोलीत...

तान्हं मूल रडलं.

मीही ऐकलं. शपथेवर सांगतो.

आणि मध्येच थांबलं... तोंडावर कोणी हात ठेवावा तसं.

ठकीने पेन परत घेतलं. पुढच्या प्रत्येक गणितात ऋण उत्तर शांतपणे खोडत गेली. परीक्षेत पैकीच्या पैकी. दादाचा गावभर सांगून सांगून घसा बसला.

वहिनी मात्र हल्ली दुपारभर त्या खोलीच्या दाराशी बसते.

"भावोजी, आज येतंय का हो ऐकू? इतकी वर्षं रोज ऐकत होते मी."

मी दाराला कान लावतो.

"हो वहिनी. येतंय."

ती डोळे मिटते आणि मांडी हलवू लागते.

आत काही नसतं...

काहीच नसतं. आणि मला तिथून उठवत नाही.